सटवोजी जासुदाचे पंचवीस कोस

श्री. ऐकणारांचे कान शाबूत असोत आणि लिहिणाराची मान शाबूत असो. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरी, आश्विन मासी दोन राज्यांत घाटावरील एका चौकीवरून कलागत पडली, आणि तोफा घाट चढविणे उभयतांस जड, सबब विचार जाहला की, लढाई न करावी. दोहींकडील एकेक जासूद पंचवीस कोस एकटा धावावा, जो अगोदर पोहोचेल त्याच्या धन्याची चौकी. मग आमचे दरबारी सटवोजी जासूद याचे नाव निघाले. जासुदाने सरकारी थैली घेऊन पाच कोस पळावे आणि पुढील जासुदाचे हाती द्यावी, ही चाल; पंचवीस कोस एकटा कोणी पळाला ऐसे ऐकिवात नव्हते. सटवोजी हरखला. त्याची बायको तुकाई हरखली नाही. तिला चौकी नको होती, नवरा धडका घरी पाहिजे होता. परंतु हुकमापुढे शहाणपण चालत नाही, म्हणोन तिने पदर खोचला.

प्रथम दिवशी तिने पिठले-भाकरी खाऊ घालून त्यास दहा कोस पिटाळिले, तो सातव्या कोसी पोट धरून बांधावर बसला. मग तुपाचे लाडू दिले, ते वाटेतच उलटले. सटवोजी म्हणाला, "पाय धड हायत, पोटच दगा देतंय." तुकाई म्हणाली, "मग पोटालाच पळाया शिकवू. पायांस्नी येतंय." आणि कोसाकोसास गुळाचा खडा व पेजेचे दोन घोट, असे शिकविता शिकविता पौष सरला. माघात पंधरा कोसांच्या धावेस त्याने ऊन फार म्हणोन तांब्यांमागे तांबे नुसते पाणी घेतले, तो घरी आला तेव्हा बोटे सुजलेली आणि बोलणे भलतेच. तुकाई भ्याली. रात्रभर उशाशी बसली, आणि सकाळी त्याचे अंगरख्यावर पांढरे फुटलेले पाहून तिने जीभ लाविली, तेव्हा उमजली की, जे घामावाटे बाहेर गेले ते आत घातले पाहिजे. ते दिवसापासून पेजेत मीठ, कमरेस मिठाची पुरचुंडी, आणि पाणी तहानेपुरतेच. फाल्गुनात सटवोजी वीस कोस धावून आला आणि भाकरी मागून जेवला. तुकाईस प्रथमच झोप लागली.

चैत्र वद्य पंचमीस धाव नेमिली. आदले दिवशी कारभारी विसोपंत यांनी पुरचुंडी पाहिली आणि कपाळास आठी घालून बोलिले, "सरकारचा जासूद शिदोरी बांधून पळणार? पलीकडचे म्हणतील, यांच्या दौलतीत घोटभर पाणी नाही." आणि हुकूम जाहला की, कोसाकोसास एकेक मानकरी सरबताचा घडा घेऊन उभा राहील, जासुदाने प्रत्येकाचा तांब्या रिता करावा, न करील तर त्या मानकऱ्याचा अपमान. कोणाचा कोस पहिला यावरून दरबार तेथेच दोन प्रहर भांडला. तुकाई पुढे होऊन म्हणाली, "पंत, पाणी कमी द्या, पर मीठ राहू द्या." पंत म्हणाले, "सरबतात मीठ? बाई, तू चूल सांभाळ." मग पुरचुंडी सोडवून घेतली. सटवोजी म्हणाला, "असू दे गं. धन्याचं पाणी हाय, त्यानं काय व्हतंय."

सूर्योदयी दोघे सुटले. पलीकडील जासुदाचे कमरेस मळकट पिशवी होती, तीत बोट घालून तो चाटीत पळे, आणि आमचे लोक त्यास हसले. बाराव्या कोसापावेतो सटवोजी पुढे होता. मग वाटेवरील स्वार एकामागून एक येऊन सांगू लागले, आणि तुकाई शेवटल्या कोसी उभी राहून ऐकत होती, की, हात सुजले. की, अठराव्यास ओकला. की, एकोणिसाव्याचे मानकरी म्हणाले, ओकला तरी आमचा मान राहिला, आणि पुन्हा तांब्या पाजिला. की, बाविसाव्यास तोंड फिरवून माघारा धावू लागला, तो लोकांनी धरून वळविला. पलीकडील जासूद पोहोचून सावलीस बसला, त्यानंतर दोन घटकांनी सटवोजी झोकांड्या खात दिसला. तुकाई चोपदारास ढकलून धावली आणि त्यास कवेत घेतले. त्याने तिजकडे पाहिले, ओळखले नाही, आणि हात जोडून म्हणाला, "बाई, पाणी नको." मग आकडी आली आणि तिचे मांडीवर प्राण गेला. पंचविसावे मानकरी रुप्याचा तांब्या घेऊन तसेच उभे होते.

चौकी गेली, आणि दरबारास हार पचेना. तेरा दिवस सरल्यावर विसोपंतांनी तुकाईस बोलाविले आणि मऊ होऊन म्हणाले, "शत्रूने विष घातले ऐसे तू सांग. नवरा रणी पडल्याचा मान होईल, तुला इनाम गाव होईल." पंचवीसही मानकरी बसले होते. तुकाई म्हणाली, "इख न्हवतं. पान्यानं मेला. पाजनारी समदी हितंच बसल्यात." मग तीस बाहेर घालविले, आणि दप्तरी विषप्रयोग लिहिला, तो याच हाताने लिहिला, ते पाप आहे.

तात्पर्य, वैशाखात त्या विषाचे निमित्ते फौज घाट चढली, चौकी घेतली, आमचे चारशे माणूस पडले. लढाई टळावी म्हणोन एक माणूस धावला होता. चौकीवर त्याचे नावे दरबाराने पाणपोई घातली आहे, आणि तुकाई त्या वाटेने जात नाही.