बापूंनी न खोडलेली बातमी

माझा धाकटा भाऊ आज घरी आईच्या हातची भाकर खातो, ती बापूंमुळं. काय घडलं ते सांगतोच. पण आधी बापू कळले पाहिजेत, कारण या माणसानं जन्मभर फक्त खोडाखोड केली.

बापू म्हणजे लातूरच्या आमच्या छोट्या दैनिकाचे उपसंपादक. मी देगलूरकडचा, आठवीत शाळा सुटलेला. पेपरची पानं लावायला बापूंनीच शिकवलं. वृत्तसंस्थेच्या बातम्या दिल्ली-मुंबईहून आल्या की ते चष्मा कपाळावर सारून एकच सवाल करायचे, "नरसिंग, ही कुणाला झोंबंल?"

कुणाला तरी झोंबायचीच. साखरेनं मधुमेह वाढतो, अशी बातमी आली. बापूंना साखर कारखान्याची दिवाळीतली पानभर जाहिरात दिसली. सकाळी छापून आलं, 'काही पदार्थांमुळं काही आजार वाढतात.' कुठल्यातरी राज्यात शिकवणीवाल्याला खोट्या जाहिरातीबद्दल दंड झाला, तर आमच्याकडं, 'एका शहरात एका संस्थेला समज'.

"बापू, ह्यात बातमी कुठं हाय?"

"अरे बाबा, बातमी हाय. फक्त ती कुणाची न्हाई."

मजा अशी, की संध्याकाळी चहाच्या टपरीवर हेच बापू खोडलेलं सगळं नावागावासकट सांगायचे. लोक आमचा पेपर काखेत मारून तिथं यायचे. "बापू, आजचं 'एक शहर' कोणतं हो?"

गेल्या उन्हाळ्यात एक बातमी आली. परराज्यातल्या वीटभट्टीवर मजूर डांबून ठेवलेत, त्यात देगलूर तालुक्यातले काहीजण. खाली मुकादमाचं नाव. माझा भाऊ त्याच मुकादमासंगं गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मुकादम एका पुढाऱ्याचा मेव्हणा. त्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आमचं अख्खं पहिलं पान विकलं जायचं. तोंड उघडलं अन् नोकरी गेली तर आईला काय पाठवू? मी नुसताच कॉम्प्युटरकडं बघत बसलो.

"देगलूर तुझंच ना रे?"

"हाव."

"ह्यात कोण हाय?"

"धाकटा."

बापूंनी चष्मा नाकावर ओढला आणि बातमी शेवटपर्यंत वाचली. "पहिल्या पानावर लाव. गावाचं नाव ठेव. मुकादमाचं बी."

"बापू, लई झोंबंल."

"झोंबू दे. माझा पोरगा कॅनडात हाय. फोन करत न्हाई. तिकडची बातमी आली की मी आधी गावाचं नाव हुडकतो. तुझ्या मायला 'एका राज्यात' वाचून दाखवलं तर तिनं कुणासाठी रडायचं?"

मी बातमी लावली.

सकाळी गावची माणसं तो पेपर घेऊन तहसीलवर जाऊन बसली. तिथून फोन फिरले, पोलीस भट्टीवर गेले आणि आठवड्याच्या आत भाऊ घरी आला. वाढदिवसाची जाहिरात मात्र गेली. मालकांनी बापूंना राशिभविष्यावर बसवलं. तिथंही त्यांनी सिंह राशीचा 'अपमान' खोडून 'किरकोळ प्रवास' केला. पुढारी सिंहेचा आहे म्हणे.

बापू घरी एकटेच असतात. उद्या कधी ते दुखण्यानं पडले, तर दवाखान्यात त्यांच्या उशाशी मुलाच्या जागी मी बसणार. त्यांना हे अजून बोललेलो नाही. इथं लिहून ठेवतो.