पावाविना भोंगा

गुणाजीबाबांच्या सायकलला घंटी नव्हती, भोंगा होता. काळ्या रबरी गोळ्याचा, दाबला की पों-पों करणारा. असा भोंगा गोव्यात फक्त पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलला असतो. तो वाजला की आमच्याकडचा माणूस अर्धवट झोपेतसुद्धा पिशवी शोधायला लागतो. पण गुणाजीबाब पोदेर नाहीत. त्यांच्या सायकलवर टोपली नव्हती, टोपलीत गोल उंडा पाव नव्हता, साधा पावाचा चुरा नव्हता. नुसता भोंगा. आता ह्याला काय म्हणायचं?

मी काय म्हणायचो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आमच्या डिचोलीत नदीच्या काठाने एक सुरेख रस्ता आहे. आमच्या घरावरून निघायचं, माडांच्या सावलीतून पुलापर्यंत जायचं, पूल ओलांडून पलीकडच्या काठाने परत यायचं आणि बाजाराकडच्या दुसऱ्या पुलावरून पुन्हा घरी. कुठे चढ नाही की उतार नाही. सायकल शिकणाऱ्या पोरालासुद्धा दम लागणार नाही असा वेढा. हा वेढा गुणाजीबाब रोज सकाळी घालतात, आणि तो आपल्या मालकीचा असल्यासारखे घालतात.

त्यांचा पहिला नियम असा की नदी कायम उजव्या हाताला राहिली पाहिजे. देवाला उजवी घालतात तशी नदीलाही उजवीच घालायची. समोरून कुणी उलटा आला की सायकल आडवी घालून विचारणार, "देवळांत उरफाटी प्रदक्षिणा घालता रे? ही खंयची पद्धत?" रविवारी पणजीहून काही मंडळी गाडीच्या टपावर सायकली बांधून येतात, डोक्याला हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे. त्यांतल्या दोघांना ह्यांनी चक्क पुलापर्यंत माघारी पाठवलं. ते बिचारे गेलेही. ते गेल्यावर गुणाजीबाब मला म्हणाले, "सायकल गाडयेर बसोवन हाडटात. ही खंयची पद्धत?"

हे त्यांचं पालुपद. खनिजाच्या ट्रकाला, रस्त्यात पसरलेल्या कुत्र्याला, पावसाळ्यात गढूळ होणाऱ्या नदीला, सगळ्यांना हाच एक सवाल. नदीने त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

त्यांचा उभा जन्म मुरगाव बंदरात गेला. तिथे ते क्रेनवर होते. चवथीला तेवढे गावी यायचे, मखरासमोर चार दिवस बसायचे आणि कामाची पाळी लागली म्हणून परतायचे. लग्न केलं नाही. विचारलं तर वेळ झाला नाही म्हणतात. निवृत्त होऊन आले ते भावाने ठेवलेल्या दोन खोल्यांत राहिले. भाऊ पुढे मुलाकडे बेळगावला गेला. गावात त्यांना चेहऱ्याने सगळे ओळखत होते, बोलायला मात्र कुणाकडे काही नव्हतं. मग कुठून तरी हा भोंगा आला.

पहिल्या दिवशी मी तोंडात ब्रशचा फेस घेऊन, टॉवेलवर, पिशवीसकट गेटाशी धावलो. गुणाजीबाब एक पाय जमिनीला टेकून उभे. पाव कुठे म्हटलं तर म्हणाले, "हांव पोदेर कसो दिसतां?" वर माझ्याच अंगणात नजर टाकून, "ती जास्वंद सुकत आयल्या. उदक कोण घालतलो?" मी संतापलो. तेही संतापले. चांगली पाच-दहा मिनिटं आमची जुंपली, आणि मग ते समाधानाने पुढच्या घराकडे गेले. तिथेही पों-पों, तिथेही पिशवी, तिथेही भांडण. वळणावरच्या शांतामावशीच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही. तिने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे सायकलवरून उतरले, हात मागे बांधले, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग आपलं सुरू केलं. अर्ध्या तासाचा वेढा, पण ह्यांना घरी पोचायला दहा वाजायचे.

हसण्यावारी गेलं असतं, पण ह्यात खऱ्या पोदेराचा धंदा बसला. तो यायचा तेव्हा भोंगा ऐकून लोक म्हणायचे, आला परत तो गुणाजी, आणि कूस बदलायचे. त्याचे उंडे टोपलीतच कडक व्हायला लागले. गरीब माणूस, तक्रार करायला आला तेव्हासुद्धा चप्पल बाहेर काढून उभा राहिला. माझं डोकं फिरलं. एखाद्याच्या पोटावर पाय देऊन मौज करायची? ही खंयची पद्धत, असं मीच ओरडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पुलाच्या कठड्याशी उभे राहिलो. पोदेर, शांतामावशी, आणखी पाच-सहा घरं. गुणाजीबाब आले, ते आपले पों-पों करत. बोलायचं काम माझ्याकडे होतं. मी पोदेराची टोपली उघडून दाखवली, राहिलेला पाव दाखवला आणि भोंगा काढा म्हणून बजावलं. त्यांनी एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा पोदेराकडे. वाद घातला नाही. खिशातून पाना काढला, भोंगा सोडवला आणि पोदेराच्या हातात दिला. "चूक जाली रे," म्हणाले. "तुजें हें म्हज्या मतींत येवंक ना."

मग सायकलची मूठ पुसत, कुणाकडे न बघता म्हणाले, "शिव्यो घालूंक तरी तुमी म्हज्या नांवान भायर येताले. घरांत म्हाका नांवान हाक कोण मारता?"

आणि पायडल मारून गेले. नदी उजव्या हाताला होती. मला माझाच राग आला की त्यांचा, हे अजून कळलेलं नाही. इतकं साधं होतं तर माणसाने सरळ सांगावं ना.

दुसऱ्या दिवशी भोंगा नव्हता, तरी मला जाग आली. गेट उघडून उभा राहिलो. ते आले, मान खाली घालून. या, बसा, एवढंच म्हणायचं होतं, पण त्या माणसाशी गोड बोलायची मला सवयच नव्हती. म्हणून ओरडलो, "गुणाजीबाब, पळयता खंय? च्या निवता थंय. मुकाट उतरा."

ते उतरले. सोप्यावर बसले. चहात साखर कमी आहे म्हणाले, कपाची कड फुटकी आहे म्हणाले, बायकोने पुढे केलेली बशी उलटी करून तपासली. मी दात-ओठ खात ऐकून घेत होतो. तेवढ्यात वळणावरून शांतामावशीचा आवाज आला, अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असा.

"गुणाजी, खंय मेलो रे? आज हांगा येवंचो ना?"

गुणाजीबाब धडपडून उठले. अर्धा चहा तसाच राहिला. "येतां गो माये, येतां," म्हणत त्यांनी सायकल ओढली, आणि घाईत चढायचं विसरून तिला हाताने ढकलत वळणाकडे धावले.