परजीवीचा अधिकृत नमुना

ज्या गोष्टीची व्याख्या झालेली नाही, ती जगात असली तरी तिला तसं असण्याचा अधिकार नसतो. हे एकदा मान्य केलं की व्याख्या मंडळाची थोरवी आपोआप ध्यानात येते. अळी पान खाते हे शेंबडं पोरही सांगेल. पण किती पान खाल्ल्यावर तिला कीड म्हणायचं, आणि त्याआधी काय म्हणायचं, हे मंडळ ठरवतं. (त्याआधी तिला 'होतकरू' म्हणतात.) शेती, पर्यावरण आणि जीवशास्त्र मिळून मंडळाने आजवर शंभरेक शब्द पक्के केले आहेत. त्यांतले नव्वद लोकांना आधीपासूनच कळत होते, ही मंडळाच्या अचूकतेला मिळालेली पावतीच म्हणायची.

मंडळाचा एक नियम फार शहाणपणाचा आहे. नमुन्याशिवाय व्याख्या नाही. शब्द मंजूर झाला की त्याचा एक खराखुरा नमुना धरायचा, त्याला चिठ्ठी बांधायची आणि तो जिथे असेल तिथून पुन्हा कधीही हलवायचा नाही. उद्या कुणी वाद घातलाच, तर बोट दाखवायला काहीतरी हवं. म्हणून मंडळाच्या कपाटात 'तण' आहे, 'कुजणे' आहे (त्या खणाजवळ कुणी बसत नाही), आणि मधल्या बरणीत 'सुपीक माती' आहे, जिच्यात अजून काही उगवलेलं नाही.

या चिठ्ठ्या लिहायचं काम बाईंकडे होतं. मंडळात बाकी सगळे 'सर' असल्यामुळे नुसतं 'बाई' म्हटलं की भागायचं. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, बोलणं बेताचं. मंडळाच्या वसाहतीत त्या दोन खोल्यांत राहायच्या, आणि त्यांच्याबरोबर आत्या. आत्या खरं म्हणजे नवऱ्याच्या. नवरा गेला, आत्या राहिल्या. यात काही चुकतंय असं दोघींनाही कधी वाटलं नाही.

ते वसाहतीच्या साहेबांना वाटलं.

"नवऱ्याकडून आलेलं नातं नवऱ्याबरोबर संपतं, बाई," त्यांनी मायेने समजावलं. "मग या तुमच्या कोण?"

"आत्या."

"ती झाली हाक. शास्त्राप्रमाणे कोण?"

बाईंनी पुन्हा 'आत्या' एवढंच म्हटलं. तेव्हा साहेबांनी प्रश्न तज्ज्ञांकडे, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या मंडळाकडे, पाठवला. महिनाअखेरपर्यंत आत्यांची जात-जमात ठरली नाही, तर त्यांनी खोली सोडायची. जायचं कुठे, हे साहेबांच्या कक्षेत येत नव्हतं.

योग असा, की मंडळापुढे तेव्हा 'परजीवी' हाच शब्द होता. कीटकवाल्या सरांनी मसुदा वाचला: "दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, पण बदल्यात काहीही न देणारा जीव." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मातीवाल्या सरांनी हळूच विचारलं, "यात आपलं अनुदान तर येत नाही ना हो?"

दुरुस्ती एकमताने झाली: "दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, पण बदल्यात अहवाल न देणारा जीव."

आता पाहणी हवी होती. हाताशी प्रकरण आलेलंच होतं, तेव्हा परगावी जायचा खर्च वाचला. परजीवी जेवताना सर्वांत स्पष्ट दिसतो, या शास्त्रीय तत्त्वानुसार पाहणी रोज जेवणाच्या वेळी ठेवण्यात आली.

"कोण गं ही माणसं?" आत्यांनी विचारलं.

"तुम्हाला बघायला आलीत, आत्या."

"या वयात?" आत्यांनी पदर सारखा केला. "बरं, हात धुऊन बसा म्हणावं. रिकाम्या पोटी कसलं बघणं?"

आठवडाभर मंडळ बारकाईने निरीक्षण करत जेवलं. भाजी दोनदा वाढून घेऊन पडताळण्यात आली. नोंदी अशा झाल्या, की निरीक्षणाखालील जीव सर्वांच्या शेवटी जेवतो आणि उरलं तरच जेवतो. (कारण कळू शकलं नाही.) जीवाने मातीवाल्या सरांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. बटण 'बदल्यात' धरायचं का, यावर मतभेद झाले. पण बटण हा अहवाल नव्हे, असा निर्वाळा अध्यक्षांनी दिला, तोंडातला घास संपवून.

आत्या परजीवी ठरल्या. वसाहतीत परजीवींना राहायला मुभा नव्हती. त्या परजीवी नाहीत असं ठरलं असतं, तर त्या कोणीच नव्हत्या, आणि कोणीच नसलेल्यांना तर नव्हतीच नव्हती.

बाई कोपऱ्यात कोऱ्या चिठ्ठ्या कापत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत बैठकीत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"सर, नमुना?"

सगळे कीटकवाल्या सरांकडे बघू लागले. त्यांनी नमुना म्हणून एक ऊ धरून ठेवली होती. ती बरणीतून निसटली होती आणि सध्या कोणाकडे मुक्कामाला आहे, याचा तपास चालू होता. अध्यक्ष मघापासून डोकं खाजवत होते, पण ते विचार करताना नेहमीच खाजवत.

"पाहणी ज्या जीवाची केली, तोच नमुना धरतात ना, सर?" बाई म्हणाल्या. "आणि नमुना एकदा धरला, की आहे त्या जागेवरून…"

"हलवता येत नाही," अध्यक्ष सवयीने बोलून गेले.

निकाल ऐकायला आलेल्या वसाहतीच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. पण शास्त्रापुढे कोणाचं चालतं?

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"आत्या, तुम्हाला परजीवी ठरवलंय."

"म्हणजे गं काय?"

"दुसऱ्याच्या जिवावर जगणारा."

"मग खरंच आहे की. तुझ्याच जिवावर जगतेय."

"खोटं आहे ते, आत्या!"

"असू दे खोटं. खोली राहिली ना?" आत्यांनी मनगट पुढे केलं. "बांध."

त्या दिवशी बाईंचं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं. दोन चिठ्ठ्या वाया गेल्या. तिसरी त्यांनी बांधली, तेव्हा आत्या म्हणाल्या, "जरा वर सरकव. भांडी घासताना भिजेल."

नमुना सुस्थितीत आहे ना, हे बघायला मंडळ अजून अधूनमधून येतं. जेवणाच्या वेळी.

सध्या मंडळापुढे 'उपयुक्त जीव' हा शब्द आहे. व्याख्या तयार आहे: "ज्याच्या असण्याने इतरांचं जगणं सोपं होतं तो." अडलंय ते नमुन्यावाचून. आत्यांचं नाव बाईंनी सुचवलं होतं, पण एका नमुन्याला दोन चिठ्ठ्या बांधता येत नाहीत. तेव्हा मंडळाने आता जनतेतून नावं मागवली आहेत. हे वाचताना तुमच्या मनात तुमचंच नाव आलं असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळ्या सरांच्याही मनात आपापलंच आलं होतं. नाव जरूर पाठवा. फक्त त्याआधी, जेवून उठल्यावर तुमचं ताट कोण उचलतं ते एकदा वळून बघा. आणि त्या मनगटावर चिठ्ठी दिसलीच, तर ती तुमच्याच अक्षरात नाही ना, तेही.