खालचं भोक

भानुदास खरमाट्यांच्या ट्रकमध्ये बोललेलं सगळं क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून जमिनीवर गळायचं, आणि ज्याचा पाय त्यावर पडेल त्याला ते ऐकू यायचं.

खरमाट्यांना हे बरेच दिवस ठाऊक नव्हतं. ट्रक चाळीसगावचा, भागीदारीतला. एक फेरी ते करायचे, एक त्यांचा मेहुणा दिगंबर. एकटे चालवताना खरमाट्यांना स्टिअरिंगशी बोलायची सवय होती. दिगंबर डिझेल कुठे भरतो, एवढा का हसतो, मालाच्या व्यापाऱ्याशी बाजूला जाऊन काय बोलतो, असले प्रश्न ते मोठ्याने विचारायचे आणि उत्तरंही स्वतःच द्यायचे.

एके सकाळी अंगण झाडताना त्यांची बायको इंदुमती थबकली. झाडू टेकवून ती म्हणाली, "अहो, माझा भाऊ तुम्हाला चोर वाटतो?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. हे काय, इथे सांडलंय."

खरमाट्यांना आधी वाटलं की दिगंबरनेच तिचे कान भरलेत. पण त्या आठवड्यात धाब्यावरच्या पोऱ्यापासून पंपावरच्या माणसापर्यंत सगळे त्यांच्याकडे इंदुमतीसारखेच रोखून बघू लागले, तेव्हा ते गाडी घेऊन थेट हबीब मिस्त्रींच्या गॅरेजात गेले.

मिस्त्री गाडीखाली सरकले आणि टॉर्च मारून म्हणाले, "हे हाउसिंग म्हणजे क्लचचं कवच. ही बाजूची जाळीची भोकं हवेसाठी. क्लच तापतो, प्लेट झिजून तिची पूड होते, ती बाहेर जायला वाट लागते. खालचं गळतीसाठी."

"मग गळती थांबत का नाही?"

"थांबवायला नाही ते, गळू द्यायला आहे. सील गेलं की तेल आत साठून प्लेटवर जातं. त्यापेक्षा खाली पडलेलं बरं, माणसाला कळतं तरी."

"पण तेल नाही गळत. बोलणं गळतंय."

"त्याला वेगळं भोक कुठलं पाडणार कंपनी?" मिस्त्री म्हणाले.

खरमाट्यांनी बूच मारायला सांगितलं. मिस्त्रींनी मारलं, पण हात पुसताना बजावलं, "आता गाडीत कमी बोला."

झालं उलटंच. आता कोणी ऐकत नाही म्हटल्यावर खरमाटे मोकळे झाले. पूर्वी दिगंबरवर नुसता संशय होता. आता सासरे, सासूबाई आणि लग्न जमवणारे मामा यांचाही त्यात हात असल्याचं त्यांनी स्टिअरिंगला पटवून दिलं.

पुढे सरकीच्या पोत्यांची मोठी भरती मिळाली, म्हणून दोघं एकत्र निघाले. कन्नड घाटाच्या मध्यावर, खरमाट्यांच्या हाती गाडी असताना, इंजिन नुसतंच गुरगुरू लागलं आणि ट्रक हळूहळू मागे सरकायला लागला. दिगंबरने उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले आणि तो गाडीखाली शिरला.

"दाजी, क्लच घसरतोय. याला बूच कोणी मारलं?"

"असू दे ते. तू बाहेर ये, मी बघतो."

"प्लेट ओली झाली असणार. काढतो."

"काढू नकोस!"

"का? काय आहे आत?"

"तेल."

"तेलाला एवढं काय घाबरता?" दिगंबर म्हणाला आणि त्याने बूच काढलं.

बराच वेळ तो तसाच उताणा पडून होता, कारण सगळं त्याच्या तोंडावरच पडत होतं. उरलेलं उताराने वाहत मागे अडकलेल्या गाड्यांपर्यंत गेलं. खाली उतरून उभे असलेले ड्रायव्हर पायाशी बघत गंभीरपणे ऐकत राहिले. त्यांतला एक वर येऊन खरमाट्यांना म्हणाला, "मेहुण्याचं माहीत नाही, पण सासऱ्यांबद्दल तुमचं बरोबर वाटतं."

दिगंबर बाहेर आला आणि फडक्याने तोंड पुसू लागला. खरमाट्यांनी विचारलं, "तुझं काहीच नव्हतं त्यात?"

"नाही."

"इतक्या फेऱ्या केल्यास एकट्याने. एक शब्द नाही?"

"मी गाडीत बोलत नाही. गळतं ते मला पहिल्यापासून माहीत होतं."

दिगंबरने शिव्या दिल्या असत्या तर खरमाट्यांनी ऐकून घेतल्या असत्या. पण ज्या माणसाला माहीत होतं आणि जो गप्प राहिला, त्याच्या मनात काय असेल, या विचाराने त्यांना घाम फुटला.

प्लेट वाळल्यावर दिगंबर स्टिअरिंगवर बसला. बूच त्याने दरीत फेकून दिलं होतं. पहिलं वळण पार होताच त्याने घसा साफ केला आणि त्या गाडीत पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"आमचे दाजी म्हणजे देवमाणूस," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "ताईचं नशीब थोर."

खरमाट्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो समोर बघत होता. हे आपल्याला ऐकवतोय की रस्त्याला, ते काही केल्या कळेना.

मग तेही काचेकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "दिगंबरसारखा मेहुणा शोधून सापडायचा नाही."

"दाजींनी मला भावासारखं वागवलं."

"त्याच्या हातात गाडी दिली की मला शांत झोप लागते."

कन्नड येईपर्यंत दोघं आळीपाळीने बोलत राहिले. क्लच उत्तम धरत होता.