बाबागाडीचं लायसन्स

"आणि ह्या चौथीनं कुणाचा खून केला होता?" बायको म्हणाली. तिच्या हातात दुधाची बाटली घासायचा ब्रश होता आणि तो तिनं नवऱ्याच्या नाकाच्या रोखानं धरला होता.

"ब्रेक लावला नाही."

"कशाला?"

"बाबागाडीला. उतारावर गाडी सोडली आणि हात झटकत सरळ माझ्याकडे चालत आली! मागे गाडी घरंगळली असती तर?"

"उतार? अहो, खालच्या त्या फरशीवर सांडलेलं पाणीसुद्धा आळसानं जागचं हलत नाही, आणि तुम्ही त्याला उतार म्हणता?"

"डोळ्यांना दिसत नाही. असतो."

"बरं, आणि गाडीत कोण होतं?"

नवरा बाटलीचं बूच शोधू लागला. कारण गाडीत भोपळा होता.

तो तिथे कसा गेला हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की नवरा वेडा होता. वेडा नव्हता. (वेड्यावर निदान औषध असतं.) मोटार चालवायची लायसन्सं जिथं देतात, त्या कचेरीत तो परीक्षक होता. देतात म्हणायचं ते रीत म्हणून. ह्याला देताना फारसं कुणी पाहिलं नव्हतं. खांबाला गाडी घासली, नापास. घासली नाही पण घासेलसं वाटलं, तरी नापास. गावानं त्याचं नाव नापासराव ठेवलं होतं. हे सगळं आपल्या पाठीमागे चालतं, असा त्याचा समज. प्रत्यक्षात लोक तोंडावर म्हणत. पण तोवर ह्याची मान शिक्का मारायला खाली गेलेली असे. आपणही त्यांना नापासरावच म्हणू. मान द्यायला आपल्या खिशातलं काय जातं?

तर अशा नापासरावांना लेक झाली. ती बसायला लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं, कारण बायकोची आई येऊन राहिली होती. मग तिकडे सासऱ्यांनी माळ्यावरची ट्रंक एकट्यानं खाली काढण्याचा पराक्रम केला आणि पाय मोडून घेतला. "एकालाच सांभाळायचं, तर ज्याला अक्कल कमी त्याला," असं म्हणून सासूबाई पिशवी भरून चालत्या झाल्या.

इकडे बायकोची रजा संपत आली होती. ती चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात होती. तिथली मुख्य कारागिराची खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती आणि मालकानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी हजर झालात तर खुर्ची तुमची. नाही आलात तर मला दुसऱ्याला बसवावं लागेल." हा दुसरा म्हणजे तिच्याच शेजारी काम करणारा एक गृहस्थ. डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आजवर त्याच्या चुका तिनं निस्तरल्या होत्या. आता त्याच्या हाताखाली बसून निस्तरायच्या, ह्या विचारानंच तिच्या कपाळाची शीर ताडताड उडायची.

खरं तर लेकीला सांभाळायला पहिली बाई आली तेव्हाच काम झालं होतं. जाडजूड, शांत, लवंग चघळणारी बाई. लेकीनं तिच्याकडे बघून बोळकं पसरलं. बायको "उद्यापासून या" म्हणणार, एवढ्यात नापासरावांच्या तोंडून निसटलं, "जरा परीक्षा घेऊन पाहू या का?"

ह्या 'जरा'नं किती संसारांचं वाटोळं केलं, कुणी मोजलेलं नाही.

इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत नापासरावांनी बादल्या उपड्या मांडल्या. बादल्या पुरेनात म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून पातेली आणली. (काकूंनी पातेली दिली आणि स्वतः खुर्ची टाकून गॅलरीत बसल्या. घरबसल्या इतकी करमणूक कोण सोडतं?) बादल्या-पातेल्यांमधून बाबागाडी ढकलत इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, ही परीक्षा. पोटच्या पोरीला अशा परीक्षेत घालायचं नापासरावांच्या जिवावर आलं, म्हणून बाजारातून वजनाला साधारण तेवढा भोपळा आणून त्याला लेकीचं टोपडं घातलं.

लवंगवालीनं निम्मा आठ काढला आणि तिचं चाक एका पातेल्याला लागलं.

"नापास," नापासराव म्हणाले.

"भोपळा रडला का?" बाईनं विचारलं, लवंग ह्या गालातून त्या गालात घेतली आणि ती गेली.

दुसरीनं आठ झोकात काढला. तेव्हा नापासरावांनी तोंडी परीक्षा काढली. "समोरून ट्रक येतोय, डावीकडे कुत्रं, उजवीकडे उघडं गटार. काय कराल?"

"असल्या रस्त्यानं मी लेकराला नेईनच कशाला?"

उत्तर बिनतोड होतं, आणि नापासरावांना बिनतोड उत्तराइतका कशाचा राग येत नसे. तिसरीनं टोपड्यात डोकावून भोपळा पाहिला, मग नापासरावांकडे पाहिलं, दोघांत काही साम्य आहे का ते ताडलं, आणि आल्या पावली परत फिरली. चौथीचं तुम्ही ऐकलंतच.

"माझ्या लेकीचं टोपडं भोपळ्याला!" बायको म्हणाली. "आणि आता सोमवारी कोण येणार? भोपळा येणार?"

"येईल कुणीतरी. ओळीनं येताहेत."

ओळ तिथंच संपली होती. शुक्रवारी सकाळी भांडण रात्री जिथं पेंगलं होतं तिथूनच पुन्हा उठलं, आणि त्याच्या मधोमध नापासरावांनी कामाला बायका मिळवून देणाऱ्या बाईला फोन लावला.

"साहेब, तुमच्या दारात आता कुणी पाय ठेवायची नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी बागेतल्या बाकावर सगळ्या पोरं घेऊन बसतात. एकीला कळलं की सगळ्यांना कळलं. तुमचा भोपळा फार गाजतोय तिथं."

"मग मी काय करू?"

"बाकाकडे जा. बाकाचं मन वळलं तर वळलं."

बायकोनं तोंड उघडायच्या आत नापासराव "जातो" म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं तरी कळायला हवंच.

संध्याकाळी लेकीला बाबागाडीत घालून ते निघाले. आजवर ही गाडी त्यांनी तपासली होती. चालवली कधीच नव्हती. (जगात तपासणारेच फार. चालवणाऱ्यांनी कधी तोंड उघडलं तर पळता भुई थोडी होईल.) फुटपाथवर चढताना गाडी मागे ओढायची असते की पुढून उचलायची, ह्यावर त्यांचा आणि गाडीचा मतभेद झाला. वळणावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत उभा होता, त्याच्या टाचेवरून चाक गेलं. नापासरावांनी शिस्तीत हात दाखवला होता, पण पाठीला डोळे नसलेल्या माणसाला हात दाखवून उपयोग काय?

बाक बागेच्या फाटकासमोरच होता. त्यावर पाच-सहा बायका, पायाशी पोरं. नापासराव ऐटीत फाटकातून आत शिरले आणि गाडीचं पुढचं चाक गटाराच्या लोखंडी जाळीत खसकन अडकलं. लेक पुढे झुकली, मागे आपटली, क्षणभर विचारात पडली, आणि मग तिनं असा टाहो फोडला की घसरगुंडीवरची पोरं मधेच थांबली.

बाकावरून कुणी उठलं नाही. त्यात लवंगवाली होती. तिनं शेजारणीला कोपर मारलं. "अगं, भोपळेवाले आले."

"साहेब, ब्रेक लावलाय ना?" चौथीचा आवाज.

"समोरून ट्रक आला तर काय कराल हो?" ही दुसरी.

नापासरावांनी गाडी ओढली, ढकलली, हलवली. चाक हलेना, लेक थांबेना. शेवटी त्यांनी लेकीला उचलून घेतलं, तर तिनं त्यांचा चष्मा ओढून त्याच जाळीत टाकला. बापाची पाचावर धारण बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ते परीक्षा देत होते, आणि निकाल सांगायला दुसऱ्या कुणाची गरजही नव्हती.

तेवढ्यात बाकाच्या टोकाची एक बाई उठली. उंच, हडकुळी, पायांत जुने कॅनव्हासचे बूट. ती आली, वाकून बघितलं न बघितलं, तोच तिनं बाबागाडीला खणखणीत लाथ घातली. चाक सुटलं. त्या आवाजानं लेक दचकली, रडायचं विसरली आणि आणखी एक लाथ बसते का ते बघत राहिली.

"चाक वाकडं झालं!" नापासराव ओरडले.

"पोरगी सरळ आहे ना?"

हा आवाज नापासरावांच्या ओळखीचा निघाला. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी मान पुढे काढून निरखलं आणि लेकीला छातीशी घट्ट धरलं. ह्याच बाईला त्यांनी तीनदा नापास केलं होतं. पहिल्या खेपेला तिनं सगळे खांब पाडले. दुसऱ्या खेपेला रिव्हर्स घेताना पहारेकऱ्याचं स्टूल चेपलं. (पहारेकरी नुकताच उठला होता म्हणून बरं.) तिसऱ्या खेपेला नापासरावांनी "इंडिकेटर" म्हटल्यावर वायपर सुरू केला, आणि वर "काच घाण आहे तुमची," असं सुनावलं.

"ओळखलंत वाटतं," बूटवाली म्हणाली. "येईन मी सोमवारपासून. मी सांभाळत होते ती पोरं आता शाळेत जायला लागली, मी मोकळीच आहे. पण माझी एक अट आहे."

नापासराव ताठ झाले. आली गाडी रुळावर! फुकट पास व्हायचंय हिला. लेकीला खांद्यावर घेऊन, चष्म्याशिवाय, त्यांनी प्रामाणिकपणावर छोटंसं भाषण ठोकलं. लायसन्स असं मिळत नसतं, मी प्राण देईन पण शिक्का देणार नाही, वगैरे.

बूटवालीनं ते पूर्ण होऊ दिलं. "लायसन्स कोण मागतंय? ते मी घेईन माझी मी. अट एवढीच, की मी आले की घरात बघत बसायला कुणी थांबायचं नाही. मानेमागं कुणी उभं राहिलं की माझा हात चुकतो. कचेरीत तुम्ही बघितलंयत ते."

नापासराव "हो" म्हणाले. ते लेकीनं आपलं डोकं बूटवालीच्या हातावर टेकलं म्हणून, की दुसरा इलाज नव्हता म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. शनिवार-रविवार घरात इतकी शांतता होती, की काकू वरून चौकशीला आल्या.

सोमवारी सकाळी बूटवाली आली. चपलांच्या फळीशेजारी बूट न काढताच तिनं विचारलं, "कुठाय बाईसाहेब?" आणि लेकीला खांद्यावर टाकून ती आतल्या खोलीत फेऱ्या मारू लागली. मोठ्यानं काहीतरी गातही होती. त्याला चाल नव्हती, पण जोर होता.

बायको दाराशी तयार उभी. डबा घेतलेला, पर्स खांद्याला, चपला पायांत. नापासरावही निघालेले. पण उंबरठा काही ओलांडला जाईना.

"एकच दिवस," ते म्हणाले. "आजचा एकच दिवस तू थांब. लांबूनच लक्ष ठेव."

"आज थांबले तर खुर्ची गेली. तुम्ही थांबा."

"माझी आज परीक्षेची रांग आहे. आणि तिची अट आहे ना, कुणी थांबायचं नाही!"

"मग मी थांबलेली बरी चालेल? मी कुणी नाही वाटतं?"

"अगं, तिनं सगळे खांब पाडलेत! सगळे!"

"तुमच्या लेकीला काय खांब समजते का ती?"

आवाज चढले. काकूंच्या गॅलरीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग नापासराव जे बोलले, ते त्यांनी कचेरीत, घरात, आरशासमोरही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"परीक्षेच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो," ते म्हणाले. "म्हणून मी कुणाच्याही शेजारी बसू शकतो. कितीही धडपड्या असू दे. इथं माझ्या पायाखाली काही नाही गं. मी तिकडे, ही इकडे, आणि मध्ये एवढं गाव."

बायको बघतच राहिली. भिंगातून रोज बारीक बारीक चरे शोधणारी बाई. पण हा चरा तिला आज दिसला. "माझ्या तरी पायाखाली कुठे काय आहे?" ती हळूच म्हणाली. मग तिनं पर्स खाली ठेवली आणि चपला काढायला सुरुवात केली. "राहू दे. नाही जात मी. बसू दे त्यालाच खुर्चीत."

नापासरावांना वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांना ती खुर्ची दिसली, त्यात बसलेला तो उलटी भिंगं लावणारा गृहस्थ दिसला, आणि त्याच्या हाताखाली मान घालून बसलेली आपली बायको दिसली.

"नाही कशी जात? जायचं!" ते गरजले.

"नाही जायचं मला!"

"जायलाच पाहिजे! किती वर्षं खपलीस त्या खुर्चीसाठी!"

"आत्ता तर थांब म्हणत होतात!"

"तेव्हा म्हणत होतो! आता जा म्हणतोय!"

नवरा-बायकोच्या भांडणात माणसं खुशाल बाजू बदलतात, आवाज मात्र आहे तिथंच राहतो. नापासरावांचा आवाज तर रस्त्यावर मोटारींच्या गर्दीत हुकूम सोडून कमावलेला. त्यानं फळीवरच्या चपला थरथरत होत्या.

ह्या सगळ्यात आतलं गाणं कधी थांबलं, दोघांनाही कळलं नाही. बूटवाली दारात येऊन उभी होती. तिच्या खांद्यावर लेक तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती, एक मूठ बाईच्या केसांत. बूटवालीनं आधी बायकोच्या अर्धवट काढलेल्या चपलेकडे पाहिलं, मग नापासरावांच्या उघड्या तोंडाकडे, आणि ती अगदी हळू आवाजात म्हणाली,

"झोपलीय ती, आता ज्याच्या आवाजानं उठेल त्यानं आज रजा काढायची, आणि साहेब, ताईंचा आवाज बारीक आहे."