साखरमुक्त रुग्णालय

कोणतीही संस्था आरोग्यासाठी काही सोडायचे ठरवते, तेव्हा ती सर्वप्रथम दुसऱ्याचे सोडते. त्या मोठ्या रुग्णालयाच्या अधीक्षकांनी याच तत्त्वाने साखर सोडली. आधी ती कॅन्टीनच्या चहातून गेली, मग भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्यांतून. पहिल्याच महिन्यात कर्मचाऱ्यांची चिडचिड चौपट झाली आणि मोहीम लागू पडत असल्याचे जाहीर झाले. (चिडचिड मोजणारा कारकून त्या आकड्यात दोनदा धरला गेला होता.)

इथेच सगळे निभावले असते. पण रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंना चुकीचे काही कानावर पडले की गप्प बसवत नसे. बैठकीत त्या म्हणाल्या, "सर, साखर म्हणजे फक्त चहातली नव्हे. आपल्या पेशींवर साखरेच्या लांब, फांद्या फुटलेल्या साखळ्या असतात. आपलं कोण, परकं कोण, हे शरीर बरंचसं त्यावरून ओळखतं. रक्तगट तरी काय? तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एक साखर असली की ए, दुसरी असली की बी, दोन्ही असल्या तर एबी."

"आणि ओ?" अधीक्षकांनी विचारले.

"ओला टोकाची ती साखर नसते."

अधीक्षकांनी पेन खाली ठेवले. त्यांना पटले, असे डॉक्टरबाईंना वाटले. पटले होतेच, घोटाळा तिथेच झाला.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले. ओ गटाचे कर्मचारी 'मुळातच संयमी' ठरले आणि त्यांना हिरवा बिल्ला मिळाला. ए आणि बी यांना 'सुधारण्यास वाव' होता. एबी गटाने, दुहेरी साखर बाळगत असल्याने, मागच्या दाराने ये-जा करायची होती. रक्त गोठू नये म्हणून शिरेतून द्यायचे औषधही साखरेचीच साखळी निघाले, तेव्हा ते कपाटातून बाहेर काढण्यात आले. शल्यविशारदांनी राजीनाम्याची भाषा काढताच 'प्रदीर्घ सेवा विचारात घेऊन' ते परत आत घेतले. आईच्या दुधात बाळाला स्वतःला न पचणाऱ्याही साखरा असतात, असे कळल्यावर प्रसूती विभागातून लेखी खुलासा मागवला गेला. (त्या साखरा बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी असतात. जिवाणूंनी मुदतीत खुलासा दिला नाही.)

गट ज्याचा त्याने सांगायचा होता, कारण तपासणी म्हणजे अविश्वास. महिन्याभरात रुग्णालयातले ओ गटाचे प्रमाण चाळीस टक्क्यांवरून एक्याण्णव टक्क्यांवर गेले. उपदेशाने माणूस रक्तापासून सुधारतो, याचा यापेक्षा भक्कम पुरावा कोणता हवा?

फक्त रक्तपेढीचे शीतकपाट रिकामे होत चालले. ए आणि बी मंडळी रक्त द्यायला येईनात, कारण आले की गट दिसणार. ओवाले त्याच कारणाने येईनात. ओच्या तांबड्या पेशी सहसा कोणालाही चालतात, मात्र ओच्या माणसाला ओच लागते, हे डॉक्टरबाईंनी भिंतीवर लिहून लावले. त्याखाली कोणीतरी लिहिले, "ज्याची साखर कमी, त्याचे नखरे जास्त."

अशात अधीक्षकांचे सासरे न्हाणीघरात घसरले. खुब्याचे हाड मोडले, रक्त बरेच गेले. म्हाताऱ्याचा गट बी. तो रोज रक्तपेढीच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसे आणि डॉक्टरबाईंना 'पोरी' म्हणे, त्यामुळे त्यांनी शीतकपाट तीनदा उघडून पाहिले. बीची पिशवी नव्हती, ओचीही नव्हती.

अधीक्षक मागच्या दाराने आत आले. "आपल्याकडे सगळे ओच आहेत ना?"

"बिल्ल्यावर आहेत, सर. सकाळपासून फोन करतेय. कोणाला सर्दी झालीय, कोणाच्या घरी पाहुणे आलेत. एक तर फोनवरच चक्कर येऊन पडला."

अधीक्षकांनी स्वतःचा बिल्ला काढून खिशात घातला आणि बाही वर केली. "माझं तपासा. दार लावून घ्या."

काचपट्टीवर बी ओळखणाऱ्या द्रवाच्या थेंबात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. "बी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"यंत्र चुकलं असेल."

"यंत्र नाही, सर. नुसती काच आहे."

त्यांनी काच उजेडात धरून पाहिली. मग हळूच म्हणाले, "त्यांना चालेल?"

"चालेल. तुमची साखर जुळते."

सासऱ्यांशी आपले काही जुळते, हे अधीक्षकांना लग्नानंतर प्रथमच कळले. त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरबाईंनी दुसरीकडे पाहिले. मग, पिशवी भरत असतानाच, त्यांनी आयुष्यातला पहिला सौदा केला. "मी कोणाला काही बोलणार नाही. पण सगळे हिरवे बिल्ले मागच्या दाराने माझ्याकडे पाठवा. एकेकाला."

सासरे वाचले. शुद्धीवर येताच त्यांनी चहा मागितला, साखरेचा. अधीक्षकांनी तो स्वतः नेऊन दिला. शीतकपाट भरले. बिल्ले मात्र सगळे आजही हिरवेच आहेत, अधीक्षकांचासुद्धा.

वाचकहो, हे वाचता वाचता आपला गट कोणता, ते तुम्ही मनात तपासलेच असेल. ओ निघाला तर थोडे बरेही वाटले असेल. संकोच नको, मागचे दार उघडे आहे.