राव सारांचा पत्र्याचा बेडूक

राव सारांनी पहिल्याच भेटीत मला चिक्की दिली होती. मी त्रेचाळीस वर्षांची, शाळेत चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई, आणि हा माणूस माझ्या तळहातावर चिक्कीचा तुकडा ठेवून म्हणाला, "पास."

त्याचं झालं असं. केंद्र सरकारच्या शाळेतली नोकरी, सांगलीहून माझी तमिळनाडूतल्या आवडी गावी बदली झाली. नवरा तिकडे, मी इकडे. राव सारांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, सामान चढवलं आणि दूध आणायला बाहेर पडले. जाताना फाटक लावलं, ते हलक्या हाताने, कडीचा आवाज न करता. आमच्या आईने लावलेलं वळण ते. तेवढ्यात मागून 'टिक' असं वाजलं. वळून बघते तर व्हरांड्यात लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसलेले सत्तरीपुढचे एक गृहस्थ उभे, आणि हातात पत्र्याचा बेडूक. जत्रेत मिळतो ना, पोट दाबलं की वाजणारा, तोच. ते पायऱ्या उतरले, खिशातून चिक्की काढली आणि मला पास केलं.

राव सार (सरांना इकडे 'सार' म्हणतात) मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी म्हणजे कुणीतरी जुनं पत्र तमिळ चालीत वाचतंय असं वाटतं. 'बसा'ला ते 'बैसा' म्हणतात आणि माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटतं. चौतीस वर्षं ते इथल्या एका कारखान्यात तपासनीस होते. तिथे काय तपासत होते, ते आजवर त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "संरक्षण खात्याचें आहे, बाई. विचारूं नये." माझा अंदाज आहे की ते बोल्ट तपासत असावेत.

निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. जगातली प्रत्येक गोष्ट एकतर पास नाहीतर रिजेक्ट. आणि पास झालं की बेडूक वाजलाच. दूधवाल्याने पिशवी न आपटता ठेवली, टिक. गॅसवाल्याने सिलिंडर फरशीवरून न ओढता उचलून आणला, टिक आणि चिक्की. बेडकाचे दोन नियम होते. पहिला, टिक डोळ्याचं पातं लवायच्या आत पडली पाहिजे. उशिरा पडली तर समोरच्याला कळतच नाही की शाबासकी कशाची, मग ती टिक रिजेक्ट. दुसरा नियम, टिक वाजली की खाऊ द्यायचाच. वाजवून दिला नाही, तर ती फसवणूक.

मला या प्रकाराचा मनस्वी संताप यायचा. मी काय सर्कशीतलं अस्वल आहे? पण पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की फाटक लावून मी क्षणभर थांबते. टिक नाही आली तर दिवसभर चुकल्यासारखं होतं. एकदा तर मी मागे जाऊन फाटक पुन्हा लावून आले. हे शाळेत कुणाला सांगितलेलं नाही.

ही सगळी विद्या मुळात कुत्र्यासाठी होती. कुत्र्याचं नाव दिवाणजी. तांबूस रंगाचं, एक कान उभा, एक मोडलेला, स्टेशनाबाहेर सापडलेलं गावठी पिल्लू. आता त्याला तेरावं वर्ष. राव सार त्याला अहो-जाहो करतात. "दिवाणजी, बैसा." "दिवाणजी, बाजूला व्हा, बाई भितात." हे मात्र खरं होतं. मला कुत्र्यांची लहानपणापासून भीती, आणि मी ती लपवतही नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत एक भिंत नुसती अवजारांची होती. तीन लांबीच्या दोऱ्या, शिट्टी, टोकाला चेंडू लावलेली काठी, तोंडाला बांधायची जाळी. प्रत्येकाला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर शेवटची तपासणी कधी केली ते. अलीकडे त्यात भर पडली होती ती म्हातारपणाच्या सामानाची. दिवाणजींचे मागचे पाय लटपटायला लागले, तेव्हा राव सारांनी जुन्या दप्तराच्या पट्ट्यांचा कमरपट्टा शिवला, वर मूठ लावली. रोज सकाळी ती मूठ धरून ते त्याला पायऱ्या उतरवायचे. पुढे दिवाणजी, मागे धापा टाकत राव सार. दोघांत आजारी कोण, ते लांबून कळायचं नाही.

पण त्यांच्या अभिमानाची गोष्ट निराळीच होती. दिवाणजी त्यांच्याशिवाय कुणाच्याही हातचं खात नसे. एका पोंगलच्या सणाला शेजारच्या मामींनी केळीच्या पानावर तुपाने थबथबलेला पोंगलचा गोड भात आणून ठेवला, तर या पठ्ठ्याने तोंड फिरवलं. लाळ गळत होती, पण तोंड फिरवलेलं. राव सारांनी वाटी ठेवायची, मागे सरायचं, "जेवा, दिवाणजी" म्हणायचं, मगच तोंड खाली जायचं. त्यांच्या आधीच्या कुत्र्याला कुणीतरी विषाचा तुकडा टाकला होता, म्हणून हे शिक्षण. ही गोष्ट ते सांगायला लागले की भिंतीवर लावलेली पदवी दाखवल्यासारखे ताठ बसायचे.

मार्गशीर्षात एक दिवस मला कॅनडाहून फोन आला. त्यांची मुलगी कल्याणी. अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी आणि मधूनच वडिलांचं मराठी, अशी ती बोलत होती. सांगत होती ते असं, की अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन जुलैतच व्हायला हवं होतं. डॉक्टरांनी तीनदा तारीख दिली आणि तीनदा अप्पांनी मोडली. आधी म्हणाले, आडी महिना, म्हणजे आपला आषाढ, लागलाय, अशुभ. मग म्हणाले, नवरात्रात इकडच्या रिवाजाप्रमाणे घरात बाहुल्या मांडायच्या आहेत. त्यांनी जन्मात बाहुल्या मांडल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा मात्र डॉक्टरांना खरं कारण सांगितलं: घरात आजारी माणूस आहे. डॉक्टर आता कल्याणीला विचारत होते, हे आजारी माणूस कोण?

मी तशीच खाली गेले. राग आला की मला थांबता येत नाही. चांगलं फैलावर घेतलं त्यांना. ते ऐकून घेत बसले, बेडूक या हातातून त्या हातात करत. मग म्हणाले, दिवाणजींची मूत्रपिंडं गेली आहेत. दोन वेळा मऊ भात, त्यात गोळी, एकही वेळ चुकवायची नाही. मागच्या वर्षी एका लग्नासाठी त्याला दोन दिवस सांभाळणाऱ्यांकडे ठेवलं, तर त्याने पाण्यालाही तोंड लावलं नाही. शेवटी सलाईन लावावं लागलं.

"आतां आठ दिवस मी नसलों, तर मी परत येईन, पण तो नसेल," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हातचें खाऊं नये, हें मीच शिकवलें ना. उलटें कसें शिकवायचें, तें कुठल्याच पुस्तकांत नाही."

"मी घालीन त्याला खायला," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, देव जाणे.

तारीख पुन्हा ठरली. आमच्या हातात तीन आठवडे होते. राव सारांनी भिंतीवर तक्ता लावला, अकरा पायऱ्यांचा. पहिली पायरी: बाईंनी खुर्चीत बसून दिवाणजींचं जेवण पाहणे. मी पाहिलं, पाय खुर्चीवर घेऊन. दुसरी: बाईंनी पाय खाली ठेवणे. मी ठेवले, आणि टिक वाजली. चिक्की मला मिळाली, त्यामुळे शिक्षण नेमकं कुणाचं चाललंय, असा प्रश्न मला पडला. पाचव्या पायरीला मी त्याच्या पाठीला हात लावला. सहाव्याला राव सारांचा हात माझ्या हातावर, आणि दोघांनी मिळून वाटी ठेवायची. इथवर सगळं पास.

सातवीला गाडी अडली. वाटी मी ठेवायची, 'जेवा' मी म्हणायचं, आणि राव सारांनी आत स्वयंपाकघरात जायचं. दिवाणजी वाटीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, मान खाली घालायला लागायचा, आणि नेमका तेवढ्यात आतून खोकला यायचा. झालं. मान वर, कान वर, नजर दाराकडे. पाच दिवस हेच. मी म्हटलं, सार, तुमचा खोकला. ते म्हणाले, धूळ आहे.

आता धूळ मलाही कळते. दरवर्षी बालवर्गाच्या पहिल्या दिवशी काही पालक खिडकीशी उभे राहतात. पोरगं रडत असतं म्हणून आपण थांबलोय, असं त्यांना वाटतं. खरं तर ते थांबलेले असतात म्हणून पोरगं रडत असतं. आणि पोरगं रडायचं थांबून खेळायला लागलं, की हेच पालक डोळे पुसत घरी जातात. हे मी राव सारांना जसंच्या तसं सुनावलं. ऑपरेशन सहा दिवसांवर आलं होतं, लाडीगोडीला वेळ नव्हता.

ते उठले आणि तक्त्यावरच्या सातव्या पायरीवर बोट ठेवलं.

"बाई, खरें सांगूं?" ते म्हणाले. "तो जेवला नाही, तर त्याचें काय होईल, मला ठाऊक आहे. पण आत उभा राहिलों कीं मन म्हणतें, खाऊं नको रे. तेरा वर्षें एकट्या माझ्या हातचें खाल्लेंस, आतां नको खाऊं."

या घरात त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी सातासमुद्रापार. मी आपली भाताची वाटी ढवळत बसले.

दुसऱ्या दिवशी ते आत गेले, ते खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबून. मी वाटी ठेवली, मागे सरले आणि जमेल तेवढ्या त्यांच्या चालीत म्हणाले, "जेवा, दिवाणजी." त्याने दाराकडे पाहिलं. खोकला आला नाही. माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि जेवला. गोळीसकट जेवला.

टिक वाजली नाही. वाटी अर्धी झाली, तरी नाही. मी मान वळवून पाहिलं. राव सार दाराच्या फटीत उभे होते, तोंडात टॉवेल, हातात बेडूक, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. वाटी चाटूनपुसून झाल्यावर कधीतरी 'टिक' झालं.

ते बाहेर आले, टॉवेलने तोंड पुसलं. "उशीर झाला," म्हणाले. "ही टिक रिजेक्ट." तरी दिवाणजींना नियमाप्रमाणे खाऊ दिला, आणि मला चिक्की.

पुढचे चार दिवस तो माझ्या हातचं दोन्ही वेळ जेवला. जायच्या आदल्या दिवशी राव सारांनी एकच मागणं केलं. कल्याणी विमानतळावरून टॅक्सी घेऊन त्यांना न्यायला आली, की मी दिवाणजींना आत जेवायला घालायचं. त्याने त्यांना जाताना बघायला नको. निरोप वगैरे काही नाही.

सकाळी टॅक्सी आली. मी दार लोटून घेतलं, वाटी ठेवली, 'जेवा' म्हणाले. तो जेवायला लागला. मी कान देऊन होते, आता फाटक वाजेल, आता वाजेल. काहीच ऐकू आलं नाही. वाटी रिकामी झाल्यावर मी खिडकीशी गेले. फाटक नीट लावलेलं होतं, कडी घातलेली, आणि टॅक्सी कोपऱ्यावर वळत होती.

खिडकीच्या कट्ट्यावर बेडूक होता. शेजारी चिक्कीचं पाकीट आणि कुत्र्याच्या खाऊचा डबा. दोन्हींवर चिठ्ठ्या लावलेल्या, एकीवर 'बाई' आणि दुसरीवर 'दिवाणजी'.

मी बेडूक उचलला आणि त्या फाटकासाठी एकदा वाजवला. फार उशीर झाला होता, ते मला कळत होतं. पण दिवाणजींनी कान टवकारले, लटपटत माझ्यापाशी आले आणि खाऊची वाट बघत बसले. टिक वाजली होती, तेव्हा द्यायलाच हवा होता. मी डबा उघडला आणि तळहात पुढे केला, आणि तो माझ्या हातावरून खायला लागला.